बहीण सडपातळ, मी जाड. दोष माझ्या पोटातल्या जिवाणूंचा का?

पत्र: ताई, मी ४४ वर्षांची आहे. तीन वर्षांत ९ किलो वजन वाढलं. धाकटी बहीण माझ्याइतकंच खाते, तरी तिला काही होत नाही. वर मलाच म्हणते, "तुझा जिभेवर ताबा नाही." मी रात्री फक्त गाळलेलं सूप पिते आणि एक वाजेपर्यंत जागून ऑफिसचं काम करते. आता एकीने सांगितलंय, तुझे आतड्यातले जिवाणू बिघडलेत, सहा महिने ही कॅप्सूल घे. खूप महाग आहे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. आणि बहिणीचं ते वाक्य मनाला लावून घेऊ नका, कारण ते खरं नाही.

एकीला एखादं जेवण अंगी लागतं, दुसरीला नाही, यात जिवाणूंचा वाटा असू शकतो. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा जुळ्या बहिणी निवडल्या, ज्यांत एक लठ्ठ आणि एक सडपातळ होती. त्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांनी जंतुविरहित उंदरांत सोडले. खाणं सारखंच, तरी लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण हे घडलं ते चरबी कमी आणि तंतू (फायबर, म्हणजे अन्नातला चोथा) जास्त अशा आहारावर. भाज्या-फळं कमी आणि चरबी जास्त असलेल्या आहारावर ते जिवाणू तिथे टिकलेच नाहीत. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. लठ्ठ माणसांना सडपातळ माणसांचे जिवाणू देऊन पाहिले, पण त्याने वजन उतरलं नाही.

आता तुमचं गाळलेलं सूप. गाळणीत राहतो तो चोथाच जिवाणूंना हवा असतो. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात, आणि या आम्लांमुळे पोट भरल्याची खूण मेंदूला देणारी संप्रेरकंही स्रवतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते. तेव्हा रात्री नीट जेवा: कडधान्य, भाजी, अख्खं धान्य, सोबत दही. तंतू मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवलेत तर पोट फुगेल. पाणीही जास्त प्या.

जागरणाचं काय, ते तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, पण मी तिथेच अडले. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं खावंसं वाटतं. ऑफिसचं काम रोज एक वाजेपर्यंत चालत असेल, तर त्याबद्दल वरिष्ठांशी बोलायलाच हवं.

चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी कमरेभोवती साठू लागते. म्हणून चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम करा. आणि डॉक्टरांकडे जाऊन थायरॉईड व रक्तातली साखर तपासून घ्या, पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. काही औषधांनीही वजन वाढतं, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्या. कॅप्सूलचे पैसे या तपासण्यांना वापरा.