फ्लिप्ड लर्निंग : आधी तास ठरवा, व्हिडिओ नंतर

आठवीच्या विज्ञानाला नव्या सत्रापासून फ्लिप्ड लर्निंग (म्हणजे नवा भाग मुलांनी घरीच पाहून किंवा वाचून यायचा आणि वर्गात त्यावर काम करायचं) सुरू करायचंय, तर सगळ्या घटकांचे व्हिडिओ सुट्टीतच करून ठेवू का, आणि मुलांनी ते पाहिलेच नाहीत तर काय, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, व्हिडिओ इतक्यात करूच नका. एक घटक निवडा आणि त्या तासाला मुलं काय करणार ते आधी लिहून काढा.

माझं पहिलं सत्र इथेच वाया गेलं. रेकॉर्डिंग झकास झालं होतं, मुलं पाहूनही आली. पण वर्गात त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून तेच पुन्हा फळ्यावर शिकवलं. चौथ्या दिवसापासून मुलांनी व्हिडिओ पाहणं सोडलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

घनतेचंच घ्या. घरी पाच-सहा मिनिटांत एवढंच : वस्तुमान भागिले आकारमान, आणि एक सोडवलेलं उदाहरण. वर्गात प्रत्येक गटाला तराजू, मोजपात्र, एक दगड आणि मेणाचा तुकडा. दगडाचं आकारमान पाण्याची पातळी किती चढली त्यावरून निघतं. मेण मात्र तरंगतं. मग त्याचं कसं मोजायचं? इथे गटागटांत वाद सुरू होतो. कुणीतरी टाचणीने ते पाण्याखाली दाबून धरतं, दुसरं कुणी विचारतं, "मग टाचणीचं आकारमान?" एरवी हा विचार मुलाने गृहपाठ करताना एकट्याने करायचा असतो, आणि अडलं तर विचारायला जवळ कुणी नसतं. आता तुम्ही शेजारी उभे असता. ही पद्धत मला आवडते ती एवढ्यासाठीच.

व्हिडिओच हवा असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोतले रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स यांनी २००७ मध्ये तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली ती गैरहजर मुलांचं बुडू नये म्हणून. त्याच्या कितीतरी आधी, १९९१ पासून, हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर विद्यार्थ्यांना धडा वाचून यायला सांगून वर्गात प्रश्न टाकत. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, की शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला लावत आणि पुन्हा उत्तर घेत. हे तुम्ही हात वर करायला लावूनही करू शकता. ज्यांच्या घरी फोन किंवा नेट नाही त्यांना एक छापील पान आणि तीन प्रश्न द्या. मी तर ते पान सगळ्यांनाच देतो, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही.

न पाहता आलेल्यांसाठी पुन्हा शिकवू नका. एकदा शिकवलंत की पाहून आलेल्यांना आपण उगाच पाहिलं असं वाटतं. अशा मुलांना मागच्या बाकावर दहा मिनिटं ते पान वाचू द्या, मग गटात घ्या. ओरडू नका; अर्धा प्रयोग हुकल्याची चुटपुट त्यांना असतेच. निम्मा वर्ग तसाच आला, तर मात्र त्या आठवड्यात इतर विषयांचा गृहपाठ किती होता ते आधी विचारा.

पालकांशी सुरुवातीलाच बोला, नाहीतर "शाळेत शिकवतच नाहीत" ही तक्रार ठरलेली. मी पालकसभेत त्यांनाच गटात बसवून मेणाचा प्रश्न देतो.

घटक संपल्यावर मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या : घरी काय कळलं नाही, वर्गात कुठे वेळ कमी पडला. पुढचा घटक त्या वाचून ठरवा.