परसबागेची भिंत रंगवण्याआधी

गल्लीतल्या भिंतीवर तुम्ही जुन्या परसबागांचं चित्र रंगवायला घेताय, याचा मनापासून आनंद झाला. पण रंग विकत घेण्याआधी आजूबाजूच्या आजीआजोबांकडे जाऊन बसा. सांडपाण्यावर वाढलेलं अळू, तेलाच्या डब्यातली तुळस, मांडवावरचा दुधी, कोपऱ्यातला शेवगा, कुंपणावरची गोकर्ण, हे सगळं त्यांच्याकडूनच कळेल. कोण कोणाला कढीपत्त्याचं रोप देत असे, तेही विचारा. माझ्या मते चित्राचा खरा विषय ही देवाणघेवाणच आहे. नुसती फुलं काढलीत तर ती कुठल्याही गावची वाटतील. आणि पानं खरी बघूनच काढा. अळूचं पान चुकलं तर बायका लगेच ओळखतात!

भिंतीच्या मालकाची परवानगी लेखी घ्या.

आता भिंतीची ओल तपासा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतील. नवं प्लास्टर असेल तर साधारण 28 दिवस वाळू द्या. जुने पोपडे खरवडून बाहेरच्या भिंतीचा प्रायमर लावा, मग बाहेरचाच अ‍ॅक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम करा.

चित्राच्या कागदावर चौकटी आखा, तितक्याच संख्येच्या मोठ्या चौकटी भिंतीवर दोऱ्याने मारा आणि एकेक चौकट बघून चित्र उतरवा. खालचे तीन फूट मुलांसाठी ठेवा, मोठे सपाट आकार द्या. बाह्यरेषा मात्र एकाच हाताच्या असू द्यात.