‘लक्ष नव्हतं’ एवढ्यावर चौकशी थांबवू नका

प्रश्न : ड्रिल मशीनवर आमच्या हेल्परचं बोट तुटलं. हातमोजे घातलेले होते, तरी असं कसं झालं? अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलंय. – वर्कशॉप सुपरवायझर

उत्तर : हातमोजे होते म्हणूनच झालं असण्याची दाट शक्यता आहे. फिरत्या बिटमध्ये (भोक पाडणाऱ्या टोकात) मोज्याचा धागा अडकला, की कापड गुंडाळत जातं आणि हातही ओढला जातो. मागे घ्यायला वेळच मिळत नाही. ड्रिल, लेथ चालवताना हातमोजे, सैल बाह्या, अंगठी काहीच नको. धारदार पत्रा उचलताना मात्र मोजे हवेतच. जॉब, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय तो, हातानं न धरता व्हाइसमध्ये (पकड-शिकंज्यात) आवळा. धातूचा कीस ब्रशनं काढा, तोही मशीन थांबवून.

अहवालाचं म्हणाल, तर तो मला मान्य नाही. मोजे घालायला कोणी सांगितलं? व्हाइस होता का? गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण, जागेवर होता का? आठ तासांत कुणाचंही लक्ष क्षणभर उडतं. त्या एका क्षणात बोट जाऊ नये, अशी मशीनची व्यवस्था हवी. हे प्रश्न विचारले नाहीत, तर त्याच मशीनवर पुढचा हेल्पर उभा राहील.

प्रश्न : गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून रुग्णांना उचलते. तरी कंबर धरतेच. – परिचारिका

उत्तर : तुमची पद्धत चुकत नाही, वजनच जास्त आहे. ‘नायॉश’ या अमेरिकी संस्थेच्या सूत्रानुसार सगळं अनुकूल असतानाही उचलण्याची मर्यादा 23 किलो. रुग्ण हलवताना ती साधारण 16 किलोच धरतात. माणूस काही खोक्यासारखा अंगाजवळ धरता येत नाही, शिवाय तो मध्येच हलतो. स्लाइड शीट (रुग्णाला सरकवायची गुळगुळीत चादर) आणि हॉइस्ट (रुग्ण उचलायचं यंत्र) मागा, पलंग कमरेच्या उंचीला घ्या. ही मागणी लेखी करा.

प्रश्न : मैल्याची टाकी साफ करण्याआधी, आत वायू आहे का ते बघायला पेटती काडी सोडून पाहतो. पुरेसं आहे ना? – सफाई ठेकेदार

उत्तर : कृपया आजपासून हे बंद करा. आत मिथेन असेल तर स्फोट होईल. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू काडी विझवतोच असं नाही, आणि हवेच्या दहा लाख भागांत साधारण 100 भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणसं उतरतात. शक्य असेल तर माणूस न उतरवता यंत्रानंच उपसा करा. उतरावंच लागलं, तर आधी ब्लोअरनं ताजी हवा आणि वायू मोजणाऱ्या मीटरनं तपासणी, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस, वर तिकाटणं (तीन पायांची घोडी) आणि दोरीवर सतत एक माणूस हवा. आतला कोसळला, तर वरच्यानं त्याच्यामागे उडी मारू नये, दोरीनं ओढावं. वाचवायला गेलेलेही अशाच टाक्यांत दगावतात.

प्रश्न : फरशी कापताना तोंडाला रुमाल बांधला तर चालेल? – कारागीर

उत्तर : नाही. फरशीच्या धुळीतले सिलिकाचे बारीक कण रुमालातून सहज आत जातात, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. पात्यावर पाणी सोडून कापा, वर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावा. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका, ओल्यानं पुसून घ्या.