जखम दुखत नाही म्हणूनच बूट घरातही हवा

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या चवड्याखालची जखम तीन महिने झाले तरी भरत नाहीये, शुगर आता बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे, ड्रेसिंग वेळेवर होतंय, डॉक्टरांनी जखमेवरचा दाब कमी व्हावा म्हणून दिलेला गुडघ्यापर्यंतचा बूट ते बाहेर जाताना घालतात आणि घरी आले की काढून ठेवतात, दुखत तर काहीच नाही, मग अडतंय कुठे. मला वाटतं तिथेच अडतंय, घरी आले की काढतात त्यात. मला स्वतःला अशी जखम झाली होती, भरली, मग दुसऱ्या जागी परत झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बधिर पायाचं असं असतं की ज्याला दुखतं तो माणूस आपोआप लंगडतो, वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि त्या लंगडण्यानेच जखमेला आराम मिळतो. आपल्याला न्यूरोपथीमुळे, म्हणजे डायबेटिसने पायाच्या नसा खराब झाल्यामुळे, ते कळतच नाही, त्यामुळे आपण जखमेवर सरळ पाय रोवून चालतो आणि हाडाचा दाब प्रत्येक पावलाला त्याच जागी पडतो. रात्रभरात जे थोडं नवीन मांस येतं ते सकाळी किचनपर्यंत जाऊन येईस्तोवर परत चिरडलं जातं. आणि माणूस घरात चालतो ते त्याला चालणं वाटतच नाही. 2003 साली एक अभ्यास आला होता त्यात असा काढता येणारा बूट दिलेल्या पेशंट्सची पावलं मोजली, तर दिवसभरातल्या एकूण चालण्यापैकी फक्त 28 टक्के चालणं बूट घालून झालेलं निघालं. म्हणूनच अशा जखमेला आता बरेच डॉक्टर काढताच येणार नाही असं प्लास्टर किंवा पक्का बांधून टाकलेला बूट आधी सुचवतात. इन्फेक्शन जास्त असेल किंवा पायाला रक्त कमी पोचत असेल तर ते चालत नाही, त्यामुळे हे डॉक्टरांनाच विचारा, पण विचारा नक्की.

बूट जड असतो, गरम होतो, झोपेतून उठून बाथरूमला जाताना तो कोण घालणार असं वाटतं हे मला पूर्ण कळतं. पण रात्रीची ती चार पावलंच घात करतात. बूट पलंगाला लागूनच ठेवा, हात खाली केला की लागला पाहिजे, आणि तिथे एक लाईट असू द्या. आत लांब सुती मोजा घातला की घामाचा त्रास कमी होतो. बुटामुळे एक पाय उंच होतो आणि मग कंबर नाहीतर दुसरा गुडघा धरतो, त्यासाठी दुसऱ्या पायातल्या चपलेचा सोल तेवढाच उंच करून घ्या, नाहीतर कंबर दुखते या कारणाने बूट कोपऱ्यात जातो. तोल जात असेल तर काठी घ्यायला लाजू नका. आंघोळ स्टुलावर बसून, पायाला वरपर्यंत प्लास्टिकचं कव्हर बांधून. पाय पाण्यात भिजवून ठेवायचा नाही, गरम पाण्यात तर मुळीच नाही कारण भाजलेलं कळणार नाही. आणि दुसरा पाय रोज बघा, सगळा भार आता त्याच्यावर आहे, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा.

जखमेच्या कडेला जो जाड घट्टा येतो तो डॉक्टरांकडून नियमित काढून घ्यायचा, घरी ब्लेड लावायचं नाही, कुरूपाच्या पट्ट्या तर नकोतच. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. साधारण चार आठवड्यांत जखम निम्मी व्हायला हवी, तेवढी होत नसेल तर नुसतं ड्रेसिंग बदलत राहण्यात अर्थ नाही, कारण शोधावं लागतं. पायाला रक्त नीट पोचतंय का ते बघतात, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का त्यासाठी एक्सरे वगैरे करतात. सिगारेट असेल तर ती आजपासून बंद.

लाली पसरणं, सूज, वास, पू, काळेपणा, थंडी ताप, किंवा कारण नसताना शुगर अचानक चढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, दुखत नाही म्हणून उद्यावर ढकलू नका.

आता थोडं तुमच्याबद्दल. बूट घाला बूट घाला म्हणून दिवसभर मागे लागावं लागतं आणि मग घरात चिडचिड होते, हे आमच्याकडेही झालं. कर्त्या माणसाला बसून राहा म्हटलं की तो आतून खचतो, आणि पाय कापावा लागेल का ही भीती तो बोलून दाखवत नाही. त्यांना बसून करता येतील अशी खरी कामं द्या, हिशोब असो, भाजी निवडणं असो, फोनवरची कामं असोत, आणि त्या भीतीबद्दल डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून विचारा, एकट्याने मनात ठेवण्यापेक्षा ते खूप हलकं होतं.

जखम भरल्यावर जुन्या चपला परत काढायच्या नाहीत. भरलेल्या जखमांपैकी जवळपास 40 टक्के एका वर्षात परत होतात, तिथली कातडी पहिल्यासारखी मजबूत नसते, त्यामुळे मापाचं खास फूटवेअर त्याच सुमारास तयार हवं, बूट सुटायच्या आधी ऑर्डर देऊन ठेवा. पुढच्या व्हिजिटला न काढता येणारं प्लास्टर चालेल का आणि रक्तप्रवाहाची तपासणी झाली आहे का, हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर गडबडीत विसरायला होतं.