प्रश्न तुमचे : गुन्ह्यांचा तपास शिकायचाय, कुठे जाऊ?

प्रश्न : ताई, मी देवगडची. यंदा बारावी सायन्स झाले. गुन्ह्यांचा तपास, कोर्ट यातलंच काहीतरी शिकायचंय. बाबा म्हणतात, बी.एस्सी. कर. काय करू?

उत्तर : बाळा, बाबांचंही राहील आणि तुझंही. मुंबई, नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांत फॉरेन्सिकची बी.एस्सी. होते. कोर्टात उभंच राहायचं असेल, तर सीईटी देऊन पाच वर्षांचं लॉ कर.

मी फौजदारी वकील. एका खटल्यात आमच्या खलाशाच्या होडीचं इंजिन चोरीला गेलं होतं. पंचनामा जेटीवर झाला असं कागदावर, आणि पंच साक्षीत म्हणाला, "मी पोलीस ठाण्यात सही केली, इंजिन बघितलंच नाही." आरोपी सुटला. तो खलाशी कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला, हातात खाऱ्या पाण्यानं पुसट झालेली इंजिनाची पावती. मला ती अजून दिसते. चांगला तपास शिकलेली माणसं हवीत, ती यासाठी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे नवे फौजदारी कायदे लागू झालेत. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५). तेव्हा कुणाची जुनी आयपीसीची (न्याय संहितेच्या आधीच्या भारतीय दंड संहितेची) पुस्तकं स्वस्तात मिळाली, तरी त्यांवर अभ्यास करू नकोस.

प्रवेशाआधी एक कर. जवळच्या कोर्टात आठवडाभर मागच्या बाकावर बस. सुनावणी सहसा खुली असते, कुणी उठवणार नाही. उलटतपासणी नीट ऐक, आणि मग मला पुन्हा लिही.