ऑक्टोबरमध्ये चिखलदऱ्याच्या आसपासच्या डोंगरांत एकट्याने डर्ट बाईक चालवावी का?

चालवा, पण आधी जंगलाची हद्द कुठून सुरू होते ते नीट समजून घ्या. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. परवानगीशिवाय आतल्या वाटेवर गाडी घातली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. 'कोण बघतंय' म्हणणारे वनरक्षकाला भेटले की मऊ होतात.

हद्दीबाहेरचे पांदण रस्ते आणि डोंगरपायथ्याच्या बैलगाडीवाटा मात्र मजेच्या. खरा त्रास काळ्या मातीचा. ऑक्टोबरच्या उन्हाने वरची साय वाळते, खाली गाळ तसाच. चाक रुतलं की माती मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. हिरोच्या एक्सपल्स बाईकसारखा उंच पुढचा मडगार्ड इथे कामाला येतो. दगडगोट्यांच्या नाल्यात टायरची हवा थोडी कमी करा. फार कमी केली तर ट्यूब रिमखाली चेपून फुटते. सुटी ट्यूब, पाने आणि हातपंप सोबत हवाच, कारण पंक्चरवाला जवळपास नसतो.

गवत कमरेएवढं असतं, खालचा दगड दिसत नाही, तिथे उतरून चालत बघा. (घोणसही दिसत नाही, म्हणून बूट उंच घाला.)

एकटे असाल तर वाट आणि परतायची वेळ घरी सांगून निघा, दऱ्यांत रेंज नसते. सहाच्या सुमारास अंधारतं, त्याआधी डांबरी गाठा. रानडुकरांसाठी काही जण धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) तारेत चोरून करंट सोडतात, म्हणून रात्री शेतातून शॉर्टकट अजिबात नको.