पगार वाढला, मग कामातला रस का वाढला नाही?

प्रश्न : मी नऊ जणांच्या गटाचा प्रमुख आहे. गेल्या वर्षी सर्वांना पगारवाढ मिळाली आणि दरमहा एका ‘उत्कृष्ट कर्मचाऱ्या’ला रोख बक्षीस देण्याची पद्धतही मी सुरू केली. पहिले दोन महिने सर्वांना हुरूप आला. आता जो तो नेमून दिले तेवढेच करतो आणि बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. प्रेरणेच्या सिद्धांतांपैकी कोणता वापरावा?

उत्तर : सिद्धांत निवडण्याआधी नेमके काय बिनसले आहे ते पाहू या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० अभियंते व लेखापालांना, कामावर आपल्याला विशेष चांगले आणि विशेष वाईट केव्हा वाटले, असे विचारले होते. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वाईट आठवणी बहुतांशी संस्थेची धोरणे, वरिष्ठांची वागणूक आणि कामाची परिस्थिती यांच्याभोवती होत्या, तर चांगल्या आठवणींत यश, कौतुक, जबाबदारी आणि खुद्द काम यांचा भरणा होता. यश स्वतःकडे आणि दोष परिस्थितीकडे देण्याची माणसाची सवय या उत्तरांत उतरली असावी, हा त्यावरील आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही पगारवाढीने नाराजी दूर झाली म्हणून कामाची गोडी आपोआप लागत नाही, ही त्यांची मुख्य गोष्ट आपल्या अनुभवाशी जुळते.

बक्षिसाचे दुखणे वेगळे आहे. कामाच्या प्रेरणेचे अभ्यासक व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडल्याप्रमाणे, कष्ट केले तर काम साधेल, काम साधले तर फळ मिळेल आणि ते फळ आपल्याला हवेसे आहे, या तिन्ही गोष्टी पटल्या तरच माणूस झटतो. आपल्याकडे दरमहा आठ जण रिकाम्या हाताने परततात, आणि निवड कशावरून झाली हे त्यांना सांगितले जात नसेल तर दुसरा दुवा तिथेच तुटतो.

मला अधिक काळजी वाटते ती कामाच्या स्वरूपाची. समजा, आपल्या गटातील एक जण दर आठवड्याला ग्राहकांच्या तक्रारींचा अहवाल तयार करतो. त्यासाठी तो अर्धा दिवस आकडे जुळवत बसतो, अहवाल वर पाठवतो आणि पुढे त्याचे काय झाले हे त्याला कधीच कळत नाही. अशा माणसाला बक्षीस देऊन काय साधणार? हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७६ मध्ये कामात रस निर्माण करणारे जे पाच गुण सांगितले, त्यांत कामाचा आरंभापासून शेवटापर्यंतचा पूर्ण भाग हाती असणे, त्याचे महत्त्व जाणवणे, ते कसे करावे हे ठरवण्याची मोकळीक असणे आणि परिणाम समजणे या गोष्टी येतात. त्या अहवालावर निर्णय होतो त्या बैठकीला त्यालाच बोलवा, त्याला स्वतःचे मत मांडू द्या आणि कोणती तक्रार मिटली हे नंतर आवर्जून कळवा. याला खर्च काहीच नाही. आपला वेळ मात्र द्यावा लागेल, आणि तो द्यावाच असे मी आग्रहाने सांगेन.

बैठकीतील शांततेवर बैठकीत उपाय सापडणार नाही. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला, ‘तुमच्या कामात सर्वांत जास्त अडथळा कशाचा येतो?’ एवढेच विचारा आणि त्यांनी सांगितलेला निदान एक अडथळा पंधरा दिवसांत दूर करा. बक्षीस एकाएकी बंद करू नका. ते कसे असावे, की असूच नये, हे त्याच नऊ जणांना ठरवू द्या.